लाकडी युनिट ब्लॉक : सुटी निम्मी सरल्यावर लिहिलेले परीक्षण

उन्हाळ्याच्या सुटीत मुलांना घरात रमवण्यासाठी घेतलेल्या खेळण्याचे परीक्षण पहिल्या दिवशी लिहू नये, असे माझे ठाम मत आहे. पहिल्या दिवशी सगळीच खेळणी चांगली असतात. खरी परीक्षा सुटी निम्मी सरल्यावर होते. तोवर पाहुणे येऊन गेलेले असतात, चित्रांची वही अर्धी रंगवून कोपऱ्यात पडलेली असते आणि जेवणानंतरच्या लांबलचक दुपारी ‘कंटाळा आला, आता काय करू?’ हा प्रश्न दर थोड्या वेळाने कानावर येऊ लागतो. त्या दुपारी मुले जे खेळणे कोणी न सांगता खाली काढतात, तेच विकत घेण्याजोगे. या कसोटीला आमच्या घरात साधे, न रंगवलेले आणि एकमेकांत न अडकणारे लाकडी ठोकळे उतरले, म्हणून त्यांच्याविषयी सविस्तर लिहीत आहे. हे परीक्षण कोणत्याही एका कंपनीच्या मालाचे नसून, ‘युनिट ब्लॉक’ या नावाने निरनिराळे उत्पादक जो संच विकतात त्या प्रकाराचे आहे.

या ठोकळ्यांचे सारे मर्म त्यांच्या मापात आहे. मूळ ठोकळा सुमारे १४ सेंटिमीटर लांब, ७ सेंटिमीटर रुंद आणि ३.५ सेंटिमीटर जाड असतो. म्हणजे जाडी, रुंदी आणि लांबी यांचे प्रमाण १ : २ : ४ असे पडते. संचातील बाकीचे बहुतेक तुकडे या मूळ मापाशी बांधलेले असतात. अर्धा, दुप्पट, चौपट, अर्ध्या रुंदीचा खांब, कर्णावर कापलेला त्रिकोण, उतरण, दंडगोल आणि कमानीसारखे वळलेले तुकडे असा हा परिवार आहे. दोन ठोकळे आडवे रचले की त्यांची उंची कडेवर उभ्या केलेल्या एका ठोकळ्याइतकी होते, आणि चार आडवे रचले की टोकावर उभ्या केलेल्या एका ठोकळ्याइतकी. हे कोणी शिकवावे लागत नाही. छत टाकताना एक बाजू खाली राहिली की मूल आपणच तिथे काय बसेल ते शोधू लागते, आणि बसणारे काहीतरी संचात जवळजवळ नेहमीच सापडते. बाजारात मिळणाऱ्या स्वस्त रंगीत ठोकळ्यांत नेमके हेच नसते. तिथे प्रत्येक तुकडा स्वतंत्र मापाचा असल्यामुळे दोन मजल्यांच्या वर काही नीट उभे राहत नाही आणि मुलाला वाटते की आपल्यालाच जमत नाही.

हे प्रमाण आजचे नाही. बालोद्यानाची कल्पना मांडणारे जर्मन शिक्षणतज्ज्ञ फ्रीड्रिख फ्रोबेल यांनी एकोणिसाव्या शतकात मुलांसाठी जे साहित्य तयार केले, त्यातील एका पेटीत दोन इंची घनाचे आठ सारख्या विटांत भाग केलेले होते, आणि त्या विटांचे प्रमाणही १ : २ : ४ असेच होते. फरक इतकाच की त्या विटा छोट्या होत्या आणि मेजावर बसून, ठरलेल्या क्रमाने हाताळायच्या होत्या. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात न्यूयॉर्कमधील शिक्षिका कॅरोलिन प्रॅट यांनी ठोकळे मोठे केले, मेजावरून जमिनीवर आणले आणि सूचना काढून टाकल्या. १९१४ मध्ये त्यांनी सुरू केलेल्या शाळेत हे ठोकळे शिक्षणाचे मुख्य साधन बनले. त्यांनी या रचनेचे पेटंट घेतले नाही. ग्राहकाच्या दृष्टीने ही गोष्ट महत्त्वाची आहे, कारण तेच माप आज अनेक उत्पादक वापरतात आणि पुढे भर घालायची झाल्यास एकाच विक्रेत्याशी बांधून राहावे लागत नाही. अर्थात त्यासाठी माप खरोखर पाळलेले असायला हवे. त्याविषयी पुढे लिहिले आहे.

आता खेळाकडे वळतो. आमच्याकडे धाकटा पाच वर्षांचा आणि थोरली अकरा वर्षांची. दोघांना एकाच वेळी, एकाच वस्तूने गुंतवून ठेवणारे खेळणे मिळणे किती अवघड असते, हे दोन मुलांच्या पालकांना सांगायला नको. संच आला तेव्हा धाकट्याने पहिले दोन दिवस काहीही बांधले नाही. तो ठोकळे एका खोलीतून दुसरीत वाहून नेत होता, रांगेत मांडत होता आणि पुन्हा गोळा करत होता. पैसे वाया गेले, असे वाटायला लावणारा हा काळ आहे. मात्र अमेरिकी शिक्षणतज्ज्ञ हॅरिएट जॉन्सन यांनी १९३३ मध्येच मुलांच्या ठोकळ्यांच्या खेळातील टप्पे निरीक्षणाने नोंदवून ठेवले आहेत आणि त्यांतला पहिला टप्पा नुसते वाहून नेण्याचाच आहे. त्यानंतर रांगा आणि मनोरे येतात, मग दोन ठोकळ्यांवर तिसरा टाकून केलेला पूल, मग चारी बाजूंनी बंद केलेले कुंपण, मग डावीकडे जे तेच उजवीकडे अशी सजावट, आणि त्याही नंतर ‘हे आमचे घर’, ‘हे रेल्वेस्थानक’ असे नाव देणे. मोठी मुले हे टप्पे भराभर ओलांडतात, पण वगळत नाहीत. म्हणून ज्यांना पहिल्याच दिवशी किल्ला पाहायचा आहे त्यांनी हा संच घेऊ नये. आणि ज्यांनी घेतला आहे त्यांनी वाहतुकीच्या टप्प्यावर मुलाला ‘अरे, काहीतरी बांध ना’ असे म्हणू नये.

एक गोष्ट स्पष्टपणे सांगायला हवी. हे ठोकळे कंटाळ्यावर तत्काळ उपाय करत नाहीत. टीव्ही किंवा मोबाइलचा पडदा सुरू केल्याबरोबर मूल गप्प होते तसे येथे होत नाही. कंटाळलेले मूल ठोकळ्यांसमोर बसते, दोन-चार तुकडे इकडेतिकडे करते, एखादा लाथेने उडवते, पालकांकडे पाहते, आणि बराच वेळ काहीच घडत नाही. या वेळी मोठ्या माणसाने खाली बसून स्वतःच सुंदर मनोरा बांधायला घेतला की खेळ संपला, कारण त्यानंतर मूल प्रेक्षक होते आणि दुसऱ्या दिवशी ‘बाबा, तुम्ही बांधा’ अशी मागणी येते. आमच्या अनुभवात कल्पना सुचवण्यापेक्षा अडचण सुचवणे अधिक उपयोगी पडले. ‘वीसच ठोकळे वापरून गुडघ्याइतके उंच काहीतरी कर’, ‘आत हात न घालता चेंडू पलीकडून बाहेर आला पाहिजे’, ‘या खुर्चीपासून त्या खुर्चीपर्यंत मध्ये खांब न लावता पूल टाक’, एवढे बोलून पालकाने आपल्या कामाला निघून जावे. शेवटच्या आव्हानाला तर खरे उत्तरच नव्हते, कारण संचातला सर्वांत लांब ठोकळाही ५६ सेंटिमीटरचा. तरी दोघांची त्यावर पूर्ण दुपार गेली आणि अखेर त्यांनी खुर्च्याच जवळ ओढल्या. मला ते उत्तर मान्य करावे लागले.

थोरलीला हे खेळणे बाळबोध वाटेल अशी शंका होती आणि पहिल्या आठवड्यात ती खरीही ठरत होती. तिच्यासाठी बदल घडवला तो एका जुन्या कोड्याने. मेजाच्या कडेवर ठोकळे एकावर एक असे पुढे सरकवत रचायचे की सर्वांत वरचा ठोकळा पूर्णपणे मेजाच्या बाहेर, हवेत यावा. डिंक, दोरा किंवा मागच्या बाजूला वजन यांतले काहीही वापरायचे नाही. बहुतेक जण प्रत्येक ठोकळा सारख्याच अंतराने पुढे सरकवतात आणि रचना कोसळते. युक्ती अशी की हिशेब वरून खाली करायचा. सर्वांत वरचा ठोकळा त्याच्या खालच्यावरून लांबीच्या निम्म्याने पुढे, त्याच्या खालचा एक चतुर्थांशाने, तिसरा एक षष्ठांशाने आणि चौथा मेजाच्या कडेपुढे एक अष्टमांशाने. १४ सेंटिमीटरच्या ठोकळ्यासाठी ही अंतरे अनुक्रमे ७, ३.५, सुमारे २.३ आणि १.७५ सेंटिमीटर होतात. त्यांची बेरीज साडेचौदाच्या किंचित वर जाते, म्हणजे वरचा ठोकळा कडेच्या पलीकडे जेमतेम अर्धा सेंटिमीटर सुटा राहतो. चार ठोकळ्यांत हे साधणे फार कठीण आहे, कारण प्रत्येक ठोकळा तोल जाण्याच्या सीमेवर असतो. पाचवा घेतला की आणखी १.४ सेंटिमीटरची सवलत मिळते आणि मग धीराच्या मुलाला ते जमते. तिला ते जमले तेव्हा तिने आम्हाला कोणालाही त्या खोलीत पाऊल ठेवू दिले नाही, कारण जमीन हादरेल अशी तिला भीती होती. अपूर्णांकांची बेरीज तिने शाळेत केली होती, पण एक षष्ठांश आणि एक अष्टमांश यांतल्या फरकासाठी ती पट्टी शोधत घरभर फिरल्याचे मी प्रथमच पाहिले.

ठोकळे एकमेकांत अडकत नाहीत, हा दोष आहे की गुण, असा प्रश्न खरेदीपूर्वी अनेकांना पडतो. प्लॅस्टिकच्या अडकणाऱ्या विटांशी तुलना येथे अपरिहार्य आहे. लेगोच्या आजच्या विटेचे पेटंट १९५८ चे. त्या विटांची पकड इतकी अचूक असते की रचना उलटी धरली तरी सुटत नाही, आणि आठ गाठींच्या एकाच रंगाच्या सहा विटा ९१ कोटी ५१ लाख ३ हजार ७६५ प्रकारांनी जोडता येतात हे गणिताने दाखवून दिलेले आहे. त्या खेळण्याविषयी मला आदर आहे आणि आमच्या घरी तेही आहे. तरीही सुटीच्या लांब पल्ल्यासाठी मी लाकडी ठोकळे पुढे ठेवतो, आणि त्याची कारणे दोन आहेत. खोक्यावर चित्र छापलेला संच चित्राप्रमाणे पूर्ण झाला की मुलांच्या लेखी तो संपतो. तो मोडायला त्यांचे मन होत नाही आणि पुढे तो फळीवर धूळ खातो. दुसरे असे की पकड असलेल्या विटेत तोल सांभाळण्याची जबाबदारी वीट घेते, तर सुट्या ठोकळ्यात ती मुलाने घ्यायची असते. पडणे हा येथे खेळाचाच भाग आहे. पडल्यावर आमचा धाकटा सुरुवातीला रडत असे. आता पडण्यापूर्वीच आवाज देऊन सर्वांना पाहायला बोलावतो.

दर दिवसाचा वेगळा उद्योग पुरवणाऱ्या तयार पेट्यांविषयी थोडक्यात लिहितो. त्या प्रवासाच्या दिवशी किंवा मूल आजारी असताना उपयोगी पडतात, पण प्रत्येक पेटीला पालकाची सोबत लागते, अर्ध्या तासात ती संपते आणि मागे कागदाचे कपटे, वाळलेला डिंक आणि ‘आज दुसरी उघडू का?’ असा प्रश्न उरतो.

नुसते ठोकळे पुरतात का? पूर्णपणे नाही. ब्रिटिश कलाकार सायमन निकल्सन यांनी १९७१ मध्ये मांडलेला विचार येथे लागू पडतो. हलवता, बदलता आणि जोडता येतील अशा सुट्या गोष्टी परिसरात जितक्या अधिक असतील तितका कल्पकतेला वाव अधिक, असे त्यांचे म्हणणे होते. त्यानुसार आम्ही ठोकळ्यांच्या शेजारी पुठ्ठ्याचे तुकडे, जुनी चादर, सुतळी, गोट्या, एक हातातली बॅटरी आणि खेळण्यातले प्राणी ठेवले. त्यांत सर्वांत मोठा परिणाम बॅटरीचा झाला. पडदे ओढून घेतलेल्या खोलीत ठोकळ्यांच्या नगरावर बाजूने उजेड पाडला की भिंतीवर सावल्यांचे दुसरेच नगर उभे राहते, आणि मग सावली कशी दिसेल हे पाहून इमारती हलवल्या जातात. बाहेर ऊन असताना अंधाऱ्या खोलीत बसून करायचा असा उद्योग उन्हाळ्याच्या दुपारीच शोभतो. प्राण्यांचा उपयोग मात्र धाकट्यापुरता राहिला. थोरलीने त्यांना इमारतींतून तत्काळ बाहेर काढले.

भांडणे झाली, आणि ती सर्वांत लांब, चौपट मापाच्या ठोकळ्यांवरून झाली, कारण तयार संचात ते मोजकेच असतात आणि छतासाठी सर्वांना तेच हवे असतात. त्यावर मुलांनीच एक नियम काढला: बांधकामात लागलेला ठोकळा बांधकाम उभे असेपर्यंत बांधणाऱ्याचा, न लागलेला सर्वांचा. हा नियम कागदावर न्याय्य आहे. प्रत्यक्षात धाकटा सकाळी लवकर उठून सगळे लांब ठोकळे ‘बांधकामात’ लावून टाकू लागला.

आता दोषांकडे. पहिला दोष आवाजाचा. बीच किंवा मेपल यांसारख्या कठीण लाकडाची घनता पाण्याच्या सुमारे सात दशांश असते, त्यामुळे मूळ ठोकळ्याचे वजन अडीचशे ग्रॅमच्या आसपास आणि चौपट ठोकळ्याचे जवळजवळ एक किलो भरते. असा मनोरा फरशीवर कोसळतो तेव्हा खालच्या मजल्यावर राहणाऱ्यांना काय वाटत असेल, याची कल्पना करता येते. जाड सतरंजी घातली तर आवाज कमी होतो, पण मऊ पृष्ठभागावर ठोकळे डळमळतात आणि खेळाचा पायाच जातो. पातळ, घट्ट विणीची चटई किंवा फोमच्या चटईवर ठेवलेली प्लायवूडची फळी, हा मधला मार्ग आम्हाला योग्य वाटला. दुसरा दोष त्याच वजनातून येतो. शंभर तुकड्यांचा संच वीस किलोंच्या पुढे जाऊ शकतो, तो एका पेटीत घालून उचलणे मुलांना शक्य नसते, आणि पायाच्या बोटावर पडलेला दुप्पट ठोकळा बराच काळ लक्षात राहतो. छातीच्या उंचीपलीकडे बांधायचे नाही आणि ठोकळा फेकायचा नाही, हे दोन नियम पहिल्या दिवसापासून हवेत. तान्हे मूल घरात असेल तर त्याच्या शेजारी उंच मनोरे नकोत. गिळण्याच्या धोक्याबाबत मात्र हा प्रकार तुलनेने निर्धास्त आहे. लहान मुलांच्या खेळण्यांतील तुकडे तपासण्यासाठी जे नळकांडे वापरतात त्याचा व्यास ३१.७ मिलिमीटर असतो, आणि ३५ मिलिमीटर जाडीचा ठोकळा त्यात शिरत नाही. शेजारी ठेवलेल्या गोट्यांना अर्थातच हे लागू नाही. तीन वर्षांखालील मूल असेल तर त्या बाहेर काढूच नयेत.

तिसरा दोष जागेचा, आणि तोच सर्वांत मोठा. हा खेळ संध्याकाळी आवरून पेटीत टाकायचा असेल तर त्याचा निम्मा अर्थ जातो, कारण आजचे घर उद्या गाव होते आणि परवा त्या गावाला पूल लागतो. ज्या घरात जमिनीचा एक कोपरा काही दिवस न झाडता सोडता येणार नाही, तिथे हा संच मुलांपेक्षा मोठ्यांची चिडचिड वाढवील. आम्ही एक कोपरा मोकळा सोडला आणि आठवड्यातून एकदा सगळे उतरवून झाडायचे ठरवले. ठोकळे पेटीऐवजी उघड्या फळ्यांवर आकारानुसार रचले तर आवरणे सोपे होते आणि काय शिल्लक आहे ते मुलांना दिसते. पेटीच्या तळाशी गेलेला खांब कोणी शोधत बसत नाही.

खरेदी करताना तुकड्यांच्या संख्येकडे किंवा आकारांच्या विविधतेकडे पाहू नये. विक्रेते चोवीस-पंचवीस प्रकारचे आकार असल्याचे अभिमानाने सांगतात, पण प्रत्यक्षात मुले मूळ, दुप्पट आणि अर्ध्या ठोकळ्यांवरच तीन चतुर्थांश बांधकाम करतात, आणि प्रत्येकी एकेक नग असलेले शोभेचे आकार पडून राहतात. एका मुलासाठी पन्नासच्या आसपास आणि दोघांसाठी शंभरच्या आसपास तुकडे असले, तर बांधकाम अर्ध्यावर अडत नाही. रंग किंवा चकचकीत लेप असलेले ठोकळे घेऊ नयेत. ते निसटतात, आणि लाल ठोकळा दिसला की मुले रंगांच्या जोड्या लावण्यात अडकतात. साधे, गुळगुळीत घासलेले लाकूड सर्वांत चांगले. ते पाण्यात बुडवून धुवायचे नाही, ओलसर फडक्याने पुसायचे. कडेला कूस निघाली तर बारीक पॉलिश कागदाने घासायची.

मापाच्या अचूकतेची तपासणी मात्र संच हातात आल्याबरोबर करावी. आम्ही आधी एका विक्रेत्याकडून मागवलेल्या संचात जाडीत जवळजवळ दोन मिलिमीटरचा फरक निघाला होता. चार थरांनंतर छत उघडपणे तिरके दिसत होते आणि तो संच परत पाठवावा लागला. तपासणी सोपी आहे. सपाट मेजावर चार ठोकळे आडवे एकावर एक रचावेत, शेजारी एक टोकावर उभा करावा आणि दोन्हींवर मिळून एक दुप्पट ठोकळा आडवा टाकावा. तो हलला तर संच परत करावा. हीच तपासणी ढिगातले निरनिराळे ठोकळे घेऊन तीन-चार वेळा करावी, कारण एकाच फळीतून कापलेले ठोकळे बहुधा एकाच थरात भरलेले असतात आणि वरचा थर पाहून खालच्याचा अंदाज येत नाही. दुसरीकडून भर घालायची असेल तर आधी दोन-चार सुटे ठोकळे मागवून जुन्यांशी जुळवून पाहावेत, आणि जुळले तर भर चौपट ठोकळ्यांची घालावी.